इतिहासाची थट्टा : ‘शतरंज के खिलाडी’

ऐतिहासिक विषयावर विनोदी चित्रपट काढणें हें दिसतें तितकें सोपें काम नव्हे. जुने पोशाख, दरबारी भाषा व हुक्क्याची गुडगुड यांवर हंशा पिकविणें कोणासही साधतें. परंतु तो हंशा नाट्यगृहाच्या दाराशींच विरतो. उपहास मर्मीं लागावयाचा असेल तर घटनेशीं इमान आणि थट्टाविषयासंबंधीं न्यायबुद्धि या दोन गोष्टी अवश्य असतात. सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ (१९७७) या दोन्ही कसोट्यांस उतरतो.

काळ १८५६ सालचा, स्थळ लखनौ. कंपनी सरकार अयोध्येचें राज्य गिळावयास टपलें आहे आणि मीर व मिर्झा हे दोन जहागीरदार बुद्धिबळांत बुडाले आहेत. बेगमेनें मोहरीं लपविलीं, तर लिंबें, टोमॅटो असले जिन्नस मांडून डाव चालूच! एवढ्यावर थांबते तर हें निव्वळ प्रहसन झालें असतें. पण रायांनीं शेजारींच रेसिडेंट औट्रॅमचा दुसरा डाव मांडला आहे. तो आपणांस दिसतो, या खेळाडूंस दिसत नाहीं. खरें हसूं उपजतें तें येथें. अयोध्या हें एके दिवशीं आपल्या तोंडांत पडणारें चेरीचें फळ आहे असें डलहौसीनें लिहिलें होतें. चित्रपटाच्या आरंभीं तीं फळें गमतीदार चित्रांतून एकामागून एक फस्त होतात. १८४८ चा सातारा व १८५४ चें नागपूर त्याच टोपलींतलीं; मराठी प्रेक्षकाचें हसूं येथें घशांत अडकल्याखेरीज राहत नाहीं.

नबाब वाजिद अलीला बायकी दाखविलें असा आक्षेप त्या वेळीं घेण्यांत आला. आम्हांस तो मान्य नाहीं. काव्य व नृत्य यांत रमलेला हा राजा दुबळा खरा. पण तहावर सही करण्याचें नाकारून तो मुकुट उतरवून औट्रॅमपुढें धरतो, तेव्हां साहेब गोंधळून जातो. त्या क्षणीं हास्यास्पद कोण? दोष काढावयाचा तर औट्रॅम व कॅप्टन वेस्टन यांच्या संभाषणांत काढावा. तीं मधूनमधून इतिहासाच्या धड्यासारखीं वाटतात.

सर्वांत धीट फेरफार शेवटाचा. प्रेमचंदांच्या १९२४ सालच्या मूळ कथेंत दोघे मित्र डावावरून तलवारी उपसतात व एकमेकांस ठार करतात. बादशहासाठीं न उपसलेली तलवार लाकडी वजिरासाठीं उपसली जाते, हा उपरोध जबर आहे. तथापि मरण माणसाला थोडें तरी मोठेपण देऊन जातें. रायांनीं तीही सोय ठेविली नाहीं. मीरची गोळी मिर्झाच्या शालीला चाटून जाते, कंपनीची फौज शहराकडे कूच करते, आणि दोघे पुनः पट मांडतात. तोही इंग्रजी पद्धतीनें, वजिराच्या जागीं राणी बसवून. राज्य बुडालें तरी असलीं माणसें बुडत नाहींत. नव्या धन्याचे नियम तेवढे शिकून घेतात.

आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट म्हणजे पराक्रमाचा पोवाडा, असाच समज रूढ आहे. पोवाडा अवश्य गावा. पण राज्यें मिळविलीं कशीं याबरोबरच तीं घालविलीं कशीं, हेंही मुलाबाळांस कळलें पाहिजे. आणि तें सांगतांना रडण्यापेक्षां असें हसणेंच अधिक प्रामाणिक ठरतें.