भोपळ्यातला आवाज

म्हातारी, वाघोबा आणि टुणटुण उड्या मारत जाणारा भोपळा यांची गोष्ट मराठी मूल अगदी लहानपणीच ऐकतं. तिची चित्रपुस्तकंही पुष्कळ निघाली. पण ही साहसकथा जितकी जंगलाची, तितकीच स्वयंपाकघराची आहे.

वाघोबा आडवा येतो तेव्हा म्हातारी रडत नाही, गयावया करत नाही. आत्ता अंगावर नुसती हाडं आहेत, लेकीकडे खाऊन-पिऊन येते, मग खा, एवढंच सांगते. खाणाऱ्याला पटावं असंच ती बोलते. हावरटाला थांबायला लावण्याची ही हातोटी जन्मभर चुलीपाशी बसलेल्या बाईलाच साधावी! म्हणून मला ही म्हातारी फार मोठी वाटते.

लेकीकडचे दिवस गोष्ट एका वाक्यात उरकते. तूप-रोटी खाल्ली, म्हातारी गुबगुबीत झाली. सांगणाऱ्याला खरी मोकळीक इथेच आहे. पेण-रोहा हा भाताचा मुलूख. इथली आजी त्या वाक्यात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, पेणचे पोह्याचे पापड खुशाल घालू शकते. थंडीचे दिवस असतील तर लेक आईसाठी शेतात पोपटीही लावील: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-ओवा; पाण्याचा थेंब नाही; मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा.

मग भोपळा. परतीला म्हातारीला आत लपून बसता यावं म्हणून लेक तो कोरते; कोरला म्हणजे गर निघणारच. त्याचं काय झालं, हे गोष्ट सांगत नाही. कोकणातल्या घरात त्यात गूळ आणि पीठ पडतं, घारगे तळले जातात. म्हणजे म्हातारीचं वाहन आणि तिची शिदोरी एकाच भोपळ्यातून निघाली, असं मी तरी मानतो.

ही गोष्ट कॉमिकच्या चौकटींत मांडली तर परतीची पानं सगळ्यांत रंगतील. जाताना चौकटीत वाघ मोठा आणि म्हातारी एवढीशी. येताना म्हातारी दिसतच नाही; संवादाचा फुगा थेट भोपळ्यातून निघतो. वाघाला कळत नाही ते मुलाला ठाऊक असतं, आणि मूल तिथेच हसतं. रोह्याच्या मुलाला ते जंगल परकंही नाही. रोहा-मुरूडकडच्या फणसाड अभयारण्यात आजही बिबटे आहेत.

अशीच म्हातारी इराणमध्ये भोपळ्यातून घरंगळत येते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 1910 च्या ‘टुनटुनिर बोई’तही ती आहे, पण तिथे शेवटी तिला सोडवायला तिची कुत्री धावून येतात. आपल्याकडे सांगतात त्या गोष्टीत कुत्री नाहीत, लेकीनं कोरून दिलेला भोपळा तेवढा आहे. वाघ मरत नाही, भुकेला राहतो, आणि मूल दुसऱ्या रात्री हीच गोष्ट मागतं तेव्हा वाट अडवायला पुन्हा हजर असतो.