मारेकऱ्याचे मन आणि मराठी रहस्यकादंबरी

मराठी रहस्यकादंबरीला वाचकांची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी एकट्याने हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनी शेकड्यांनी लिहिल्या, सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वास आणि दारा बुलंदने एक तरुण पिढी वाचती केली. तरीही या ढिगात एक जागा जवळजवळ रिकामी आहे. पैसे घेऊन माणूस मारणारा, त्या कृत्याने आतून पोखरला जाणारा आणि कुणाच्या तरी प्रेमापायी माघारी वळू पाहणारा नायक आपल्याकडे फारसा भेटत नाही. अर्नाळकरांचा काळा पहाड कायद्याबाहेरचा खरा, पण तो दुर्जनांचा कर्दनकाळ. त्याला पश्चात्तापाचे कारणच पडत नाही. बाकीच्या नायकांचे काम गुन्हेगार शोधण्याचे, आणि तो सापडला की कादंबरी संपते. माझे म्हणणे असे की, खरी कादंबरी तिथेच सुरू व्हायला हवी, आणि तिच्यासाठी लागणारी शिदोरी वऱ्हाडच्या लेखकांपाशी आहे.

या प्रकाराची कसोटी कुठे लागते ते ग्रॅहम ग्रीनच्या १९३६ सालच्या ‘अ गन फॉर सेल’मध्ये दिसते. रेव्हन हा भाडोत्री मारेकरी. एका म्हाताऱ्या मंत्र्याचा खून त्याने केला हे वाचकाला सुरुवातीलाच ठाऊक असते. पुढे पोलिसांपासून लपलेला असताना, एका गारठ्याच्या रात्री, तो सोबत असलेल्या अ‍ॅन या तरुणीला सांगून टाकतो की, त्या मंत्र्याला मीच मारले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणावर तरी भरवसा टाकलेला असतो आणि नेमके तेच ऐकून तिचे मन त्याच्यावरून उडते. दोस्तोयेव्हस्कीच्या १८६६ सालच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधली सोन्या तर खुनी रास्कोलनिकोव्हला जीव लावते, पण त्याला पाठीशी घालत नाही, चौकात जाऊन कबुली दे म्हणते आणि सायबेरियापर्यंत त्याच्यामागे जाते. एकीकडे भरवसा आहे, दुसरीकडे प्रेम, पण दोन्हींचा अर्थ माफी नव्हे. चालू प्रेम-रहस्यकथेत नेमकी गल्लत इथे होते. नायिकेने पदरात घेतले, नायकाने शेवटच्या प्रकरणात आपल्याहून मोठा खलनायक लोळवला, की जुने खून वजा झाले असे धरले जाते. ज्याचा जीव गेला त्याच्या घराचा उंबरठा कथेत येतच नाही.

दुःखाच्या घराचा उंबरठा वऱ्हाडच्या कादंबरीने मात्र ओलांडलेला आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० साली कौतिकच्या घरातले दारिद्र्य, नवऱ्याचा महारोग आणि तिची अखंड झुंज वऱ्हाडी बोलीतून इतक्या जवळून दाखवली की, दुःखाला वेगळ्या अलंकारांची गरज उरली नाही. पुढे लेखनावरच पोट भरताना शेळक्यांनी लोकप्रिय कादंबऱ्याही खूप लिहिल्या. अभ्यासकांच्या चर्चेत मात्र ‘धग’च राहिली. म्हणजे उत्कंठा आणि वेदना या दोन्ही वाटा अमरावतीत एकाच लेखणीने चालून पाहिल्या, पण त्या एकत्र आल्या नाहीत. परंपरा तर आणखी मागे जाते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरी म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त, पारध्यांपासून जीव वाचवत आलेला ससा महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि शरण आलेल्या जिवाला ते परत देत नाहीत, उलट पारध्यांशीच बोलून त्यांचे मन वळवतात. मारणाऱ्यांशी बोलून त्यांना बदलवता येते, हा विश्वास मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात आहे.

यावर एक आक्षेप असा येईल की, सुपारीचा खून ही मुंबईची गोष्ट. अकोल्यात ती उपरी वाटेल. पण शेताच्या बांधाचे भांडण, सावकारी, प्लॉटचे व्यवहार आणि हाताला काम नसलेली तरुण पोरे जिथे आहेत, तिथे अशा कथेला महानगर लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मारेकऱ्याला नायक केले की हत्येला झळाळी येते. हा धोका खराच आहे. त्यावर उपाय, कथा टाळणे हा नसून ती पुरती सांगणे हा आहे. मेलेल्याच्या बायकोने समोर उभे राहून ‘माह्या मानसाले काहून मारलं?’ असे विचारले आणि नायकाजवळ उत्तर नसले, तर कुठल्याही वाचकाला त्याचा हेवा वाटणार नाही. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाने १९५७ सालीच सहा खुन्यांना पडीक जमिनीवर राबवून दाखवले; औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग त्यामागे होता. खुन्यांना क्षमेचा शॉर्टकट न देताही सामान्य प्रेक्षक त्यांच्यात गुंतला.

म्हणून वऱ्हाडात आज लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच, की रहस्यकादंबरीला हलकी म्हणून बाजूला सारू नका आणि ती लिहायला घेतलीत तर प्रमाणभाषेतला पुणेरी डिटेक्टिव्ह उसना आणू नका. प्रेमकथा जरूर असू द्या, पण नायकाला कबुली, शिक्षा आणि मृताच्या घराचा सामना यांतून सोडवू नका. एवढे पथ्य पाळणारी कादंबरी चार प्रती कमी खपली तरी चालेल. मराठी रहस्यकादंबरीला आलेले साचलेपण तीच मोडेल.