‘पैकी’ची मर्यादा : रक्तविकारविषयक एका आकड्याची चिकित्सा

तीव्र मायलॉइड ल्युकेमियाने पीडित प्रौढांपैकी कितीजणांच्या रोगपेशींत एनपीएम१ या जनुकात बदल झालेला असतो, या प्रश्नास सामान्यतः ‘सुमारे एकतृतीयांश’ असे उत्तर दिले जाते. ब्रुनांजेलो फालिनी व त्यांचे सहकारी यांनी २००५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा या विषयाचा आरंभ होय. त्याचे मोल वादातीत आहे. विचारार्थ घ्यावयाची ती त्यातील आकड्याची भाषा.

मूळ विधान असे : प्राथमिक, म्हणजे पूर्वीच्या रक्तविकारावाचून वा उपचारावाचून उद्भवलेल्या, रोगाच्या ५९१ नमुन्यांपैकी २०८ नमुन्यांत न्यूक्लिओफॉस्मिन हे प्रथिन पेशीद्रवात आढळले. हे प्रमाण शेकडा ३५ भरते. दुय्यम रोगाच्या १३५ नमुन्यांपैकी मात्र एकातही ते आढळले नाही. दोन्ही गट एकत्र केल्यास ७२६ पैकी २०८, म्हणजे सुमारे शेकडा २९ एवढेच उरते. हाही आकडा अंतिम नव्हे. कारण एकंदर रुग्णसमूहात हे गट याच मेळाने आढळतात असे गृहीत धरता येत नाही.

‘पैकी’ हे अव्यय लहान खरे. परंतु विधानाचा सारा भार तेच वाहते. ‘प्राथमिक’ हे विशेषण गळताच ‘पैकी’पूर्वीचा समूह निमूटपणे बदलतो, आकडा मात्र तसाच राहतो. दुसरी गफलतही अशीच. मोजले गेले ते प्रथिनाचे स्थान. बोलले जाते ते जनुकातील बदलाविषयी. या दोहोंचा संबंध निबंधाने दाखवून दिला आहे. तथापि चिन्ह आणि चिन्हित यांतील भेद त्यामुळे लोपत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. दुय्यम रोगाचे रुग्ण अधिक असलेल्या रुग्णालयास आपला आकडा कमी दिसला, तर दोष प्रयोगशाळेकडे जाण्याचा संभव आहे. शिवाय, हा बदल असून एफएलटी३ जनुकातील विशिष्ट द्विरुक्ती नसल्यास रोगाचे भवितव्य तुलनेने अनुकूल मानतात, आणि मज्जारोपणाचा निर्णय करताना ही गोष्ट विचारात घेतात. तेथे चुकीच्या संशयाची किंमत रुग्णास मोजावी लागते.

न्यायशास्त्रात ‘प्रमाण’ म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. व्यवहारात तोच शब्द हिस्सा दर्शवितो. कशाचा हिस्सा हे न सांगता दिलेले दुसरे प्रमाण पहिल्या अर्थाने प्रमाण ठरत नाही.