यशस्वी, पण किती वर्षे?

अवयव-प्रत्यारोपणाची बातमी बहुधा एका ठरावीक वाक्याने संपते : 'शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून रुग्णाची प्रकृती स्थिर आहे.' आमची तक्रार आहे ती या 'यशस्वी' शब्दाबद्दल.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला प्रथमच बसवले. ते धडधडू लागले. पण अठरा दिवसांनी रुग्ण न्यूमोनियाने दगावला. त्याआधी, २३ डिसेंबर १९५४ रोजी, बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले होते. तो रुग्ण आठ वर्षे जगला, तर मूत्रपिंड देणारा भाऊ २०१० सालापर्यंत. एकीकडे अठरा दिवस, दुसरीकडे आठ वर्षे. आणि दोन्हींना विशेषण एकच!

बरे, 'एका वर्षानंतर इतके टक्के यश' एवढे सांगूनही भागत नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिन या औषधाला मान्यता मिळाली. शरीराने परका अवयव नाकारण्याचे प्रमाण घटले, पहिल्या वर्षाचे आकडे झपाट्याने सुधारले. पण हेच औषध दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडाला इजा करू शकते. ही हानी एका वर्षाच्या आकड्यात कशी दिसणार? शिवाय रुग्ण जगणे आणि अवयव टिकणे हे दोन वेगळे हिशेब आहेत. बसवलेले मूत्रपिंड निकामी झाले तरी रुग्ण डायलिसिसवर जगू शकतो.

याहून मोठी फसगत पुढेच आहे. समजा, १०० जणांवर प्रत्यारोपण झाले. पाच वर्षांनी ६० जण तपासणीला आले. त्यांपैकी ५४ जणांचा अवयव नीट काम करीत होता. म्हणजे ९० टक्के यश! पण न आलेल्या ४० जणांचे काय? ते सर्व ठीक असतील तर प्रमाण ९४ टक्के. सर्वांचाच अवयव निकामी झाला असेल तर ५४ टक्के.

अशा अर्धवट नोंदींसाठी संख्याशास्त्रात १९५८ पासून कापलान-मायर पद्धत आहे. परंतु तिचे एक गृहीतक आहे : नजरेआड झालेल्यांची गत समोर असलेल्यांसारखीच असावी. प्रत्यारोपणात असे मानणे धोक्याचे. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. ज्याला ती परवडेनाशी होतात, त्याचे तपासणीला येणे थांबण्याचा संभव अधिक, आणि अवयव गमावण्याचाही.

आपल्याकडे प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात दाते व रुग्ण यांच्या राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आली. हे स्वागतार्हच. पण वहीत नाव चढणे निराळे आणि दर वर्षी त्या नावापुढे काय झाले ते लिहिले जाणे निराळे. दात्याच्या नावापुढेही!

शिक्षकांनी हा मुद्दा वर्गात सहज पटवून देता येईल. पावसाळ्यात शाळेत वृक्षारोपण होते, छायाचित्र निघते आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लागते. विद्यार्थ्यांना एक वही घालू द्या : लावलेली रोपे किती, पाहिलेली किती, जगलेली किती. रोप दिसले नाही तर रकाना कोरा न सोडता 'माहीत नाही' असे लिहायला सांगा. यशाचा कोणताही आकडा तपासताना आधी हा रकाना शोधायचा असतो.