बाई, विस्तव आणि बाइक

जॉर्ज लेकॉफ या भाषावैज्ञानिकाचं ‘विमेन, फायर अँड डेंजरस थिंग्ज’ (१९८७) हे पुस्तक अनेकांना फक्त नावानं माहीत असतं. बायका, विस्तव आणि धोकादायक गोष्टी एकाच खणात! म्हणजे बायका धोकादायक? मुळीच नाही.

हा खण ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या जिरबल भाषेचा आहे. तिथे नामांचे चार वर्ग आहेत. ‘बायी’त पुरुष आणि बहुतेक प्राणी, ‘बालन’मध्ये बायका, पाणी, विस्तव, लढाई, ‘बालम’मध्ये मांस सोडून बाकीचं खाणं, आणि उरलेलं सगळं ‘बाला’त. यामागची संगती आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी उलगडली. जिरबल पुराकथांत सूर्य ही बाई आणि चंद्र तिचा नवरा. म्हणून सूर्य बालन, आणि सूर्यापाठोपाठ विस्तवही. वर्ग म्हणजे समान गुणांची यादी नव्हे, तर एकातून दुसरी निघणारी साखळी, हा लेकॉफ यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो.

मराठीवर तो लावून पाहू. कार, बस, बाइक, ट्रेन हे शब्द इंग्रजीतून लिंगाशिवाय आले आणि इथे ‘ती’ झाले. माझ्या मते, ‘गाडी’चा हात धरून. ट्रक मात्र ‘तो’. सुरा-सुरी, डबा-डबी यांत मोठं ते पुल्लिंगी, तसंच हे असेल? पण ट्रेन तर ट्रकहून कितीतरी मोठी! पुस्तकाची मर्यादा मला इथे दिसते. मागाहून गोष्ट रचायची म्हटली, तर ती कुठल्याही खणासाठी रचता येते. ‘खुर्ची’ला ‘ती’ म्हणताना आपण बहुधा शेवटच्या ‘ई’च्या मागे जातो, बाईपणाच्या नव्हे.

तरीही एका भागासाठी हे पुस्तक वाचाच. अ‍ॅनेट श्मिट यांनी तरुण जिरबल भाषकांचं बोलणं नोंदवलं होतं, त्याची चर्चा लेकॉफ करतात. इंग्रजीच्या रेट्याखाली एकेक दुवा निखळत गेला. शेवटी बालन म्हणजे फक्त बायका, बायी म्हणजे पुरुष आणि प्राणी, बाकी सगळं बाला. व्याकरण सोपं झालं, पण सूर्याची गोष्ट त्यातून गेली.

आपल्याकडे इंग्रजी शब्द धो धो येतायत, आणि प्रत्येकाला आपण अजून तो, ती किंवा ते ठरवून देतो. ‘रील पाहिली’ की ‘रील पाहिलं’, यावर तुमच्या ग्रुपमध्ये भांडण झालं तर होऊ द्या. खण अजून वापरात असल्याची ती खूण आहे.