वावटळीला हात नसतात

'सिव्हिल वॉर'ला मराठीत 'यादवी' म्हणतात. एकाच कुळातले यादव आपापसात लढून संपले, त्यावरून. हा शब्द आपण अमेरिकेसाठी वापरतो, स्पेनसाठी, श्रीलंकेसाठी. घरच्या गोष्टींसाठी मात्र फारसा नाही.

३० जानेवारी १९४८ ला नथुराम गोडसेने गांधींचा खून केला. गोडसे पुण्याचा, ब्राह्मण. पुढच्या काही दिवसांत पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटवली गेली. हे युद्ध नव्हतं, मान्य. पण गावातल्या गावात माणसं दोन बाजूंना उभी राहिली, ती यादवीच.

व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' ही छोटी कादंबरी याच दिवसांवर आहे. कासारसाई-हिंजवडीकडच्या कॉलेजच्या मुलांना मी ती शिकवतो. माडगूळकर आवाज चढवत नाहीत, सूड मागत नाहीत. ज्यांची घरं जळाली त्यांच्या बाजूचा माणूस इतक्या संयमाने लिहितो, हे या कादंबरीचं मोठेपण.

माझी तक्रार तिच्या नावाशी आहे. वावटळ येते आणि जाते. तिला हात नसतात, हातात काडेपेटी नसते. गावातले लोकही 'जळितात वाडा गेला' असंच म्हणतात. कुणी जाळला, ते वाक्यात नसतं. त्याच गावात पुन्हा एकत्र नांदायचं, तर अशी वाक्यं लागतात, हे मला कळतं. आमच्याकडची मुलंही 'जमीन धरणात गेली' म्हणतात, जणू ती स्वतःच्या पायांनी चालत गेली.

म्हणून वर्गात मी शाळेतलं व्याकरण काढतो: कर्ता शोधा. 'गांधीवध' की 'गांधीहत्या', यावरही बोलतो. कारण वध कीचकाचा होतो, अफझलखानाचा होतो. 'वध' म्हटलं की मरणारा आपोआप दुष्ट ठरतो.

पण कर्ता शोधताना जपावंही लागतं. १९४८ मध्ये नेमकी हीच चूक झाली होती. कर्ता होता एक माणूस आणि त्याचे मोजके साथीदार. जमावाने कर्ता केली अख्खी जात. नंतर आठवणींनी उलटं केलं: जाळणारे वाक्यातून पुसूनच टाकले. आज फोनवर येणारे फॉरवर्ड पुन्हा पहिल्या चुकीकडे वळतात. तिथे कर्ता नेहमी 'ते लोक' असतो.

'वावटळ' जरूर वाचा. वाचताना प्रत्येक जळणाऱ्या घरापाशी थांबून कर्ता विचारा. तो जातीएवढा मोठा करू नका आणि वाऱ्यावरही सोडू नका.