‘वुडस्टॉक’ अनुबोधपटातील श्रोतृसमुदाय

न्यूयॉर्क राज्यातील बेथेल येथे मॅक्स यास्गर या दुग्धव्यावसायिकाच्या शेतावर १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या दिवसांत भरलेल्या संगीतोत्सवावरील मायकेल वॉडली यांचा ‘वुडस्टॉक’ (१९७०) हा अनुबोधपट बहुधा संगीतपट म्हणूनच चर्चिला जातो. कोणाचे गायन सरस, कोणाचे नीरस, एवढ्यावरच ती चर्चा थांबते. वस्तुतः तीन तासांहून किंचित मोठ्या असलेल्या या चित्रपटाचा खरा विषय म्हणजे व्यासपीठासमोरील उतारावर मुक्काम ठोकून बसलेला सुमारे चार लाखांचा समुदाय होय. त्याच्याशी चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला आहे, हे पाहावयास हवे.

तीन दिवसांचे आगाऊ तिकीट १८ डॉलरचे होते. परंतु कुंपण पुरे होण्यापूर्वीच लोक येऊन बसले आणि उत्सव विनामूल्य जाहीर करावा लागला. तुंबलेले रस्ते, तळ्यातील स्नाने, अन्नासाठी लागलेल्या रांगा, पावसानंतर चिखलात घसरत खेळणारी मुले हे सारे वॉडलींनी आस्थेने टिपले आहे. त्यांतील सर्वांत मोलाचा प्रसंग तात्पुरती शौचकूपे साफ करणाऱ्या कामगाराचा. आपला एक मुलगा या उत्सवास आला आहे व दुसरा व्हिएतनाममध्ये आहे, असे तो सहज सांगून जातो. युद्ध आणि पिढ्यांतील दुरावा यांविषयी इतर मुलाखतींत जे पुष्कळ बोलले गेले आहे, ते त्याच्या या दोन वाक्यांपुढे फिके वाटते.

पडद्याचे दोन-तीन भाग करून एकीकडे गायक व दुसरीकडे श्रोते दाखविण्याची योजना या चित्रपटाचे वैशिष्ट्य मानली जाते, व ते योग्यच आहे. मात्र तिच्यात एक फसगत दडलेली आहे. ध्वनी दोन्ही भागांना एकच असल्यामुळे टेकडीच्या माथ्यावर ओल्या पांघरुणात बसलेला माणूसही व्यासपीठाच्या पायथ्याशी बसल्यासारखा ऐकतो असे भासते. दूरत्व नाहीसे होते. दोन कार्यक्रमांमधील कंटाळवाणी प्रतीक्षाही जवळजवळ नाहीशी होते. ‘शा ना ना’ हा गट सोमवारी सकाळी गायला, पण चित्रपटात तो पूर्वार्धातच येतो. संकलकास एवढी मुभा असतेच. तथापि या पटाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणाऱ्याने सावध राहिलेले बरे.

याहून गंभीर उणीव पंडित रविशंकर यांच्या अनुपस्थितीची. पहिल्या रात्री भर पावसात त्यांचे सतारवादन झाले. चित्रपटात ते नाही. ‘मॉन्टेरे पॉप’ (१९६८) या पटाची अखेर त्यांच्याच दीर्घ वादनाने व तल्लीन श्रोत्यांनी होते, हे ध्यानी घेता ही उणीव अधिकच जाणवते. वुडस्टॉकच्या श्रोत्यांविषयीची नाराजी त्यांनी पुढे स्पष्टपणे नमूद केली. चिखलातील त्या समुदायाकडे प्रेमाने न पाहणारा कलावंत चित्रपटात असता, तर त्याच्या एकसुरी उल्हासास आवश्यक तो छेद मिळाला असता.

असा छेद अखेरीस थोडासा मिळतो. जिमी हेन्ड्रिक्सची पाळी सोमवारी सकाळी आली, तेव्हा बहुसंख्य लोक घरी परतले होते. राष्ट्रगीत संपल्यावरही गिटार वाजत राहते, आणि कॅमेरा चिखलात रुतलेली पांघरुणे, टाकून दिलेली पादत्राणे व कचरा यांवरून फिरतो. वादन आणि मैदान येथे प्रथमच एकमेकांपासून वेगळे पडतात. आणि वॉडली ती फट बुजवीत नाहीत.